गिझरचा सेफ्टी व्हॉल्व रोज ठिबकतो आणि बदलूनही थांबत नाही, तेव्हा

गेल्या हिवाळ्यात आमच्या गिझरचा सेफ्टी व्हॉल्व तीनदा बदलला. तिन्ही वेळा नवा व्हॉल्व दुसऱ्याच सकाळी पुन्हा ठिबकायला लागला. मधल्या काळात दोन मिक्सरचे स्पिंडल बदलून झाले, एक कनेक्शन पाइप फुटला आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूमच्या स्लॅबला ओल आली. दोष शेवटी एकाही व्हॉल्वमध्ये नव्हता. हीच तक्रार मी आता ओळखीच्या चार-पाच घरांत ऐकली आहे, म्हणून जे कळलं ते सविस्तर लिहितो.

आधी आमची मांडणी सांगतो. नाशिकला चार मजली इमारतीत आम्ही सगळ्यात वर राहतो. गच्चीतली टाकी आमच्या शॉवरपेक्षा जेमतेम तीन मीटर उंच. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो, म्हणजे आमच्या वाट्याला ०.३ बार. शॉवरला धार यायची नाही, म्हणून दोन वर्षांपूर्वी गच्चीवर छोटा प्रेशर पंप बसवला. पंपाला १.८ बारला चालू आणि ३ बारला बंद होणारा प्रेशर स्विच, पुढे एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने सोडणारा व्हॉल्व), आणि त्यानंतर फुटबॉलपेक्षा थोडी मोठी लाल रंगाची प्रेशर टाकी. गिझर २५ लिटरचा, २ किलोवॅटचा, पंपाच्याही आधीपासूनचा. पंप बसवल्यावर वर्षभर काही झालं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात ठिबक सुरू झाली. मध्ये एवढा काळ गेल्यामुळे तिचा पंपाशी संबंध असेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

तिसरा व्हॉल्व ठिबकायला लागला तेव्हा प्लंबर म्हणाला, "काका, हे असंच चालणार. त्या तोंडाला डमी लावून टाकतो, कटकट मिटेल." डमी म्हणजे तोंड कायमचं बंद करणारं बूच. त्याने ती पिशवीतून काढलीही होती. मी त्याचा हात धरला.

हे कुणीही, कधीही करू नका. थर्मोस्टॅट बिघडून हीटर चालूच राहिला तर त्या टाकीतून दाब बाहेर पडायची शेवटची वाट म्हणजे हा व्हॉल्व. तो ८ बारला उघडतो, आणि तेवढ्या दाबाखालीही पाणी १७५ अंशांपर्यंत उकळत नाही. ते पाण्याच्याच रूपात तापत राहतं. टाकी फाटली की दाब एकदम उतरतो आणि त्यातलं बरंचसं पाणी क्षणात वाफ होतं, आणि एक लिटर पाण्याची वाफ दीड हजार लिटरहून जास्त जागा मागते. बाथरूमची भिंत पडते ती अशी. ठिबकणारा व्हॉल्व आपलं काम करतोय. ते काम त्याला रोज का करावं लागतंय, हे शोधायचं.

त्या दिवशी मी व्हॉल्वच्या तोंडाला पारदर्शक नळी लावली आणि ती स्वयंपाकघरातल्या मापाच्या जगमध्ये सोडली. पाच दिवस रोज सकाळी मोजलं. गिझर चालू केल्यावर सहा-सात मिनिटांनी पहिला थेंब पडायचा. चाळीस मिनिटांनी गिझरचा दिवा बंद झाला की ठिबक थांबायची. जगमध्ये पाणी ३६० ते ४१० मिली. पाचही दिवस जवळपास तेवढंच. व्हॉल्व खराब असता तर पाणी कधी वाटीभर, कधी बादलीभर आलं असतं, रात्रीही आलं असतं. रोज ठरल्या वेळी ठरलेलं माप येतंय म्हटल्यावर तो बिघाड नव्हता, ते पाण्याचं फुगणं होतं.

काठोकाठ भरलेलं पातेलं गॅसवर ठेवलं तर उकळी यायच्या आधीच पाणी काठावरून ओघळतं, हे प्रत्येक घरात पाहिलेलं असतं. तेच गिझरमध्ये होतं. १८ अंशांचं एक लिटर पाणी ६५ अंशांपर्यंत तापवलं की ते सुमारे १८ मिलीने वाढतं. २५ लिटरला झाले साधारण ४६० मिली. पातेल्याला झाकण नसतं, म्हणून ओघळ पुसला की काम झालं. गिझर मात्र गच्च भरलेला आणि चहूबाजूंनी बंद. पाणी दाबलं जात नाही म्हटलं तरी चालेल इतकं ते ताठर असतं. टाकी मुळीच ताणली गेली नाही असं धरलं तर ४० अंशांच्या आसपास एकेका अंशाला सुमारे ८-९ बारने दाब चढेल. प्रत्यक्षात टाकी, पाइप, नळ्या थोड्या थोड्या ताणल्या जातात म्हणून एवढा चढत नाही. माझ्या हिशोबातले ४६० आणि जगमधले ४००, यातले पन्नास-साठ मिली त्या ताणात गेले. आमचा कनेक्शन पाइप फुटला तो याच ताणाने. रोज तीनवरून आठ बारला जायचं आणि परत तीनला यायचं, महिनोन्‌महिने. सगळ्यात कमजोर दुवा तो, पहिला तोच गेला. मिक्सर टिपटिपायचे तेही यामुळेच. मी उगाच वॉशरला दोष देत होतो.

पूर्वी हा प्रश्न घरात नव्हता. तांब्याच्या बंबात वरून गार पाणी ओतलं की तोटीतून गरम पाणी बाहेर पडायचं. वरचं तोंड उघडंच असायचं, पाणी फुगलं तर फुगलं. जुन्या पद्धतीच्या गिझरमध्येही वाढलेलं पाणी गार पाण्याच्या पाइपातून मुकाट्याने गच्चीतल्या टाकीकडे मागे सरकायचं. पाण्याला परतीची वाट होती. आपण सोयीसाठी मधे एकेक गोष्ट बसवत जातो आणि ती वाट बंद होते. पंपाचा एनआरव्ही ती बंद करतो. दाब कमी करणारा पीआरव्हीदेखील बहुतेक वेळा मागे पाणी सोडत नाही. गिझरच्या तोंडाशी असलेला मल्टिफंक्शन व्हॉल्वसुद्धा, कारण त्याच्या पोटात एनआरव्ही असतो. तेव्हा खरा प्रश्न एवढाच: आपल्या घरात परतीची वाट नेमकी कुठे अडली आहे?

ते शोधायच्या आधी आपली ठिबक याच जातीची आहे ना, हे पक्कं करून घ्या. गिझर बंद असताना, पाणी गार असतानाही व्हॉल्व गळत असेल तर एकतर लाइनचा दाबच जास्त आहे किंवा व्हॉल्वच्या बैठकीत क्षाराचा खडा अडकलाय. बोअरच्या जड पाण्यात हे सर्रास होतं. एमसीबी बंद करून, पाणी गार झाल्यावर व्हॉल्वची तरफ दोन-तीनदा उचलून सोडा, खडा बऱ्याचदा वाहून जातो. त्याउलट व्हॉल्वमधून कढत पाणी किंवा वाफ जोरात येत असेल, दिवा बंदच होत नसेल, तर थर्मोस्टॅट गेलाय. गिझरला हात न लावता एमसीबी पाडा आणि जवळचा गरम पाण्याचा नळ उघडायचा मोहही टाळा, त्यातून वाफ येईल. इलेक्ट्रिशियन येऊन थर्मोस्टॅट आणि कटआउट (पाणी फार तापलं तर वीज तोडणारा) दोन्ही तपासेपर्यंत तो गिझर चालू करायचा नाही. पण ठिबक फक्त तापतानाच होत असेल, दिवा गेला की थांबत असेल आणि एकूण पाणी गिझरच्या मापाच्या एक-दोन टक्क्यांत बसत असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. १५ लिटरच्या गिझरला दीडशे ते तीनशे मिली, २५ लिटरला अडीचशे ते पाचशे.

मी आधी गच्चीवर गेलो. कुणाला तरी खाली नळ बारीक उघडायला सांगितला आणि पंपापाशी उभा राहिलो. पंप दर दोन-तीन सेकंदांनी चालू-बंद, चालू-बंद होत होता. टक... टक... टक. लाल टाकीच्या बुडाला बोटाने वाजवलं तर आवाज बद्द, वरपर्यंत सारखाच. म्हणजे टाकी पाण्याने गच्च भरलेली, आतली हवा निघून गेलेली. या टाकीत मधे रबराचा फुगा असतो, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा. पंप सारखा चालू-बंद होऊ नये म्हणून ती हवा असते, पण पहिलं वर्षभर गिझरचं वाढलेलं पाणीही मागे येऊन याच हवेला दाबत होतं. आमच्या नकळत परतीची वाट इथे होती. हवा हळूहळू उतरली आणि वाट बुजली.

टाकीला मागे अगदी मोटारीच्या चाकासारखा हवेचा व्हॉल्व असतो, त्यावर काळी टोपी. पंप बंद केला, नळ उघडून लाइनमधलं पाणी आणि दाब पूर्ण काढला, आणि मगच टायरचा गेज लावला. पाणी भरलेलं असताना मोजलं तर पाण्याचाच दाब दिसतो, ही चूक फार जण करतात. काटा शून्याला. पिन दाबून पाहिली, पाणी आलं नाही, म्हणजे फुगा शाबूत होता. पाणी आलं असतं तर फुगाच बदलावा लागला असता. सायकलच्या पंपाने २३ पीएसआय, म्हणजे १.६ बार हवा भरली. पंप चालू होण्याच्या दाबापेक्षा ०.२ बार कमी, एवढं गणित पुरतं.

पंपाची टकटक त्याच क्षणी गेली. मी खूश होऊन खाली आलो. दुसऱ्या सकाळी जगमध्ये पुन्हा ३८० मिली.

इथे मी दोन दिवस अडकलो, आणि वाचणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच अडकतील. ० ते १० बारचा, अर्धा इंची आटे असलेला प्रेशर गेज मी आणला होता. तो हेल्थ फॉसेटच्या अँगल कॉकला लावला आणि गिझर चालू केला. काटा ३ वर बसला तो हललाच नाही. व्हॉल्व मात्र ठिबकत होता. दाब वाढतच नाही तर व्हॉल्व उघडतोय कशाला? मग लक्षात आलं की मी गार पाण्याच्या लाइनवर मोजतोय. तोच गेज बेसिनच्या गरम बाजूच्या अँगल कॉकला लावला. तिथे काटा ३ वरून सरकायला लागला, पाच मिनिटांत ६ च्या पुढे, आणि ८ च्या जवळ गेल्यावर थरथरत तिथेच थांबला. त्याच वेळी नळीतून पहिला थेंब पडला. गरम पाण्याचा नळ जरासा उघडला, घोटभर पाणी गेलं आणि काटा धाडकन ३ वर आला. नळ बंद केला की पुन्हा चढाई.

एका बाजूला ३, दुसऱ्या बाजूला ८. मधे काहीतरी अडवतंय. स्टुलावर चढून गिझरच्या निळ्या रिंगच्या, म्हणजे गार पाण्याच्या तोंडाशी बॅटरी मारली. व्हॉल्वच्या अंगावर बाण कोरलेला होता, गिझरकडे तोंड केलेला. आमचा मूळ व्हॉल्व फक्त दाब सोडणारा होता, त्याला बाण नव्हता. दुसऱ्यांदा बदलताना प्लंबरने "यापेक्षा चांगला" म्हणून मल्टिफंक्शन बसवला, आणि तिसराही तसाच. म्हणजे दुखणं आता दोन जागी होतं. आधी गच्चीतली हवा गेली म्हणून वाट बुजली, आणि त्यावर उपाय म्हणून आपणच गिझरच्या तोंडाशी दुसरं दार बसवलं. गच्चीतली वाट मोकळी करूनही पाणी तिथवर पोहोचतच नव्हतं. गेजचे हे दोन आकडे ज्याने घेतले नाहीत तो जन्मभर व्हॉल्व बदलत बसेल.

तुमच्याकडे गार बाजूचा आकडाही गरम बाजूबरोबर चढत असेल तर अडवणारी गोष्ट गिझरपाशी नाही, आणखी मागे आहे. पंपाचा एनआरव्ही किंवा सोसायटीचा पीआरव्ही.

आता उपाय. मल्टिफंक्शन काढून जुन्या जातीचा व्हॉल्व परत लावावा असं मला आधी वाटलं. तो विचार सोडला. गिझरच्या तोंडाचा एनआरव्ही कामाचा आहे. गच्चीतली टाकी रिकामी झाली किंवा लाइन खोलली तर गिझरमधलं पाणी मागे ओढलं जात नाही आणि हीटर कोरडा तापत नाही. गरम पाणी गार लाइनमध्येही शिरत नाही. म्हणून तो ठेवला, आणि त्याच्या पुढे, व्हॉल्व आणि गिझर यांच्या मधे टी (तीन तोंडांचा जोड) टाकून २ लिटरची एक्स्पान्शन टाकी बसवली. गच्चीवरच्या लाल टाकीचंच धाकटं भावंड. जागा महत्त्वाची आहे. व्हॉल्वच्या अलीकडे, म्हणजे पुरवठ्याच्या बाजूला बसवली तर तिचा उपयोग शून्य. गिझर आणि टाकी यांच्यामधे कॉकही लावायचा नाही, कारण तो कधीतरी कुणीतरी बंद करेल. गरम बाजूलाही ती चालते, पण गार बाजूला रबर जास्त टिकतं. आणि घेताना पिण्याच्या पाण्याला चालणारी आहे ना, हे विचारून घ्या.

बसवण्याआधी, कोरडी असतानाच, तिच्यात ४४ पीएसआय हवा भरली, म्हणजे ३ बार, पंप बंद होतो तेवढी. कमी भरली तर गार पाणीच आत शिरून जागा अडवतं आणि फुगलेल्या पाण्याला ती उरत नाही. २ लिटरची टाकी ३ बार हवेवर ६ बारपर्यंत गेली तर साधारण ८५० मिली पाणी पोटात घेते. थर्मोस्टॅट ७५ वर ठेवला तरी २५ लिटरचा गिझर सहाशे मिलीच्या पुढे फारसा जात नाही. तेव्हा एवढी टाकी पुरते. ५० लिटरच्या गिझरला ४-५ लिटरची बघा.

दुसऱ्या सकाळी गेजसमोर बसलो. काटा ३ वरून निघाला, सावकाश ४ पर्यंत आला, दिवा गेला, काटा थांबला. जग कोरडा.

थर्मोस्टॅटबद्दल एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे मी तो ६० वर आणला. २५ अंशांचं पाणी ७५ पर्यंत नेलं तर २५ लिटरमागे सुमारे ५७० मिली वाढ होते, ६० वर थांबवलं तर ३५० मिली. क्षारही कमी साचतात. ६० च्या खाली मात्र नेऊ नये, कोमट साठलेल्या पाण्यात लेजिओनेलासारखे जंतू वाढतात.

आणखी एक गोष्ट, जी आमच्या प्लंबरलाही नवीन होती. व्हॉल्व ८ बारला उघडतो तो गिझरची टाकी वाचवण्यासाठी. तुमचे पाइप वाचवायची जबाबदारी त्याची नाही. गरम पाण्याला वापरतात तो एसडीआर ११ जातीचा सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) पाइप २३ अंशांना सुमारे २७.५ बार सोसतो, ६० अंशांना निम्मा, आणि ८२ अंशांना फक्त ६.९ बार. थर्मोस्टॅट पार वर ठेवलेला आणि लाइन रोज ८ बारला जाणारी असेल, तर भिंतीतल्या जोडांचं आयुष्य आपण रोज खातोय.

मुंबई-ठाण्याच्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी गेज आधी गार बाजूला लावावा, तोही रात्री सगळे झोपल्यावर, तेव्हा दाब सगळ्यात जास्त असतो. वीस मजली इमारतीत खालच्या मजल्यांवर पीआरव्ही नसेल किंवा बिघडला असेल तर ५-६ बार सहज मिळतात. तिथून ८ फार लांब नाही, आणि एक्स्पान्शन टाकीलाही काम करायला जागा उरत नाही. आधी पीआरव्ही ठीक करून दाब ३ बारच्या आसपास आणा, मग टाकीचं बघा.

सोलर वेगळा. गच्चीवरच्या साध्या, बिनदाबाच्या सोलरच्या टाकीवर जी उभी नळी आकाशाकडे उघडी असते ती म्हणजे तिची परतीची वाट. तिच्यातून पाणी उडतं म्हणून तिला टोपी घातलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. ती टोपी आजच काढा. आणि अशा सोलरच्या गार पाण्याच्या तोंडाला प्रेशर पंप जोडायचा नाही, ती टाकी दाबासाठी बनवलेलीच नाही. पंप लावायचाच तर सोलरच्या पुढे, गरम लाइनवर, गरम पाणी सोसणारा.

अमेरिकेत असलेल्या माझ्या भाच्याला हे सगळं सांगितलं तर त्याच्या तळघरात ही टाकी आधीपासून होतीच. तिकडे मीटरपाशी एनआरव्ही किंवा पीआरव्ही बसवून लाइन बंदिस्त केली की फुगणाऱ्या पाण्याची सोय करणं प्लंबिंगच्या नियमांतच आहे. त्यांचे हीटरही मोठे. ५० गॅलनचा, म्हणजे १८९ लिटरचा हीटर १० अंशांवरून ६० ला गेला की तीन लिटरहून जास्त पाणी वाढतं. तिथला टी अँड पी, म्हणजे तापमान आणि दाब दोन्हींवर चालणारा व्हॉल्व १५० पीएसआय किंवा ९९ अंशांना उघडतो. भाच्याचा व्हॉल्व गेल्या महिन्यात ओला दिसायला लागला होता. टाकीची हवा तपासायला सांगितली, ती उतरलेलीच निघाली.

व्हॉल्वची नळी आम्ही काढली नाही. ती उतार देऊन नाणी ट्रॅपपर्यंत, म्हणजे बाथरूमच्या फरशीतल्या जाळीपर्यंत नेली आहे, तोंड उघडं आणि दिसेल असं ठेवलं आहे. बादलीत बुडवून किंवा पाइपात खुपसून ठेवली तर ठिबक पुन्हा सुरू झालेली कळायचीच नाही. दर सहा महिन्यांनी, एकदा दिवाळीच्या आधी आणि एकदा उन्हाळ्यात, दोन्ही टाक्यांची हवा पाणी काढून मोजतो आणि व्हॉल्वची तरफ एकदा उचलतो. या वेळी गच्चीवरची टाकी २३ वरून १९ पीएसआयवर आली होती. चार पीएसआय भरली. गिझरजवळची ४४ ची ४३ झाली होती, तिला हात लावला नाही.